अलर्कविष : वैद्याच्या दवाखान्यातील पहिली पंधरा मिनिटे

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोद्ध्वंसनीय, आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव दूषित झाले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी एकाच व्याधीने ग्रासली जातात, एवढे उत्तरपत्रिकेत लिहिले की गुण मिळत. त्या अध्यायाचा आरंभ मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीत, गंगातीरावरील वनात, उन्हाळ्याच्या अखेरीस पुनर्वसू आत्रेय फिरत असताना शिष्य अग्निवेशास सांगतात की, विकृतीची चिन्हे दिसू लागली आहेत, तेव्हा भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी काढून ठेव. नंतर काढलेल्या औषधींत रस व वीर्य उरणार नाही. चिकित्सेचा विचार पुढे येतो, आधी सिद्धता येते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

पशूंपासून मनुष्यास होणाऱ्या रोगांविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते. २०२० च्या महासाथीनंतर तर हा विषय वर्तमानपत्रांतूनही आला. परंतु सर्व प्राणिजन्य रोगांचा एका लेखात परामर्श घेऊ गेल्यास हाती नावांची यादी तेवढी राहते. म्हणून येथे एकच रोग घेतला आहे, तो म्हणजे अलर्कविष अर्थात रेबीज. हा रोग घेण्याची कारणे दोन. एक म्हणजे लक्षणे प्रकट झाल्यावर तो जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक आहे आणि त्यापूर्वी योग्य उपाय झाल्यास जवळजवळ निश्चितपणे टळणारा आहे. इतकी स्पष्ट सीमारेषा असलेला दुसरा व्याधी सहसा आढळत नाही. दुसरे कारण आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. खेड्यापाड्यांत व निमशहरी वस्तीत कुत्रे चावलेला मनुष्य पुष्कळदा प्रथम वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात येतो, शासकीय रुग्णालयात नंतर जातो. त्या पहिल्या भेटीत आपण काय करतो व काय सांगतो, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असू शकते.

सुश्रुताचे निरीक्षण

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील सातवा अध्याय मूषिककल्प या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात मूषिकांचे अठरा प्रकार व त्यांच्या विषाची लक्षणे सांगितल्यावर ग्रंथकार अलर्कविषाकडे वळतात. कुत्रा, कोल्हा, तरस, अस्वल, वाघ इत्यादी पशूंच्या ठिकाणी कफाने दूषित झालेला वायू संज्ञावह स्रोतसांचा आश्रय करून संज्ञा हिरावून घेतो, अशी संप्राप्ती तेथे दिली आहे. त्या पशूचे वर्णन असे की, शेपूट, जबडा व खांदे गळलेले, लाळ अतिशय गळणारी, ऐकू न येणारा, न दिसणारा, दिसेल त्याच्या अंगावर धावणारा. आजच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकातही जबडा लोंबणे, लाळ गळणे व दिशाहीन आक्रमकता हीच लक्षणे दिलेली असतात.

दष्ट मनुष्याविषयी सुश्रुत म्हणतात की, दंशस्थानी सुप्तता येते. पुढे तो जलाच्या दर्शनाने, स्पर्शाने वा शब्दानेही भयभीत होऊ लागला तर तो जलत्रास होय व तो अरिष्ट समजावा. येथे ग्रंथकारांनी कोणतीही आशा दाखविलेली नाही. आपल्या परंपरेत हा व्याधी या अवस्थेत साध्य होता असे जे कोणी सांगतात, त्यांनी हा अध्याय मुळातून वाचावा अशी नम्र विनंती आहे.

चिकित्सेचा भाग याहून विचारप्रवर्तक आहे. दंशाचे रक्तविस्रावण करावे, तप्त घृताने दाह करावा, पुराणघृत पाजावे, आणि धत्तूर व शरपुंखा यांचा विशिष्ट कल्प द्यावा, असा क्रम आहे. त्यामागील युक्ती ग्रंथकारांनी स्वतःच सांगितली आहे. ज्याचे विष आपोआप प्रकुपित होते तो मनुष्य जगत नाही. म्हणून ते स्वतः प्रकुपित होण्यापूर्वीच वैद्याने त्याचा प्रकोप घडवावा. दंश आणि व्याधी यांच्या दरम्यान एक शांत काळ असतो, चिकित्सेची संधी त्या काळातच आहे आणि तो काळ संपला की वैद्याच्या हाती काही उरत नाही, हे ज्ञान या एका विधानात सामावले आहे. आज आपण त्यालाच अधिशयन काळ म्हणतो. साधन बदलले, तत्त्व बदललेले नाही. धत्तूराच्या जागी लस आली, इतकेच.

तप्त घृताचा दाह व रक्तविस्रावण मात्र आज करू नये. विष जागच्या जागी नष्ट करावे हा त्यांचा हेतू योग्यच होता. पण जळलेल्या व चिरलेल्या ऊतींत विषाणूला मज्जातंतूंच्या टोकांशी अधिक सहज संपर्क मिळतो, आणि तोच हेतू साध्या साबणाने अधिक चांगला साध्य होतो.

मी न विचारलेला एक प्रश्न

माझ्या व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांतील एक रुग्ण येथे नोंदवतो. पंचेचाळिशीचा शेतकरी, सुगीचे दिवस. उजव्या हाताला अंगठ्यापासून मनगटापर्यंत मुंग्या येतात, आग होते, रात्री झोप लागत नाही, अशी तक्रार घेऊन तो आला. “विळा धरून धरून हात भरून आलाय, वैद्यबुवा,” असे त्याने स्वतःच निदान सांगितले आणि मी ते मान्य केले. वातव्याधी समजून योगराज गुग्गुळ आणि अभ्यंगास महानारायण तेल दिले. अंगठ्याच्या बुडाशी लहानसा बरा झालेला व्रण होता. तो मला दिसला होता.

तिसऱ्या दिवशी त्याची पत्नी व भाऊ त्याला घेऊन आले. दवाखान्यातील पंख्याचा वारा लागताच त्याने मान आवळून धरली. पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा जे घडले ते ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. मग चौकशी केली. दोन महिन्यांपूर्वी गोठ्यातील कुत्रीच्या पिल्लाने अंगठ्याला दात लावला होता. पिल्लू चारपाच दिवसांत मेले. पिल्लू ते पिल्लूच, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठविले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

माझ्या औषधाने त्याचे नुकसान झाले नव्हते, कारण तो माझ्याकडे आला तेव्हाच वेळ निघून गेली होती, हे मी पुढे अनेकदा स्वतःला सांगितले आहे. तरीही दंशस्थानी सुप्तता हे लक्षण मी परीक्षेत लिहिले होते आणि दवाखान्यात ओळखले नाही. शिवाय पहिल्याच दिवशी विचारले असते, तर त्याच्या घरातील माणसे व ज्यांच्या हातांना त्याची लाळ लागली ते सर्व तीन दिवस आधी लसीसाठी गेले असते. जुन्या व्रणाच्या जागी नव्याने मुंग्या, आग, कंड वा बधिरता उत्पन्न झाली असता त्या व्रणाचा इतिहास विचारल्याशिवाय वातव्याधीचे निदान करू नये, हा धडा मी त्या रुग्णाकडून घेतला.

विषाणूचा मार्ग

रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या पशूच्या लाळेत असतो. दंशाबरोबर तो स्नायूत जातो, तेथे काही काळ राहतो, नंतर मज्जातंतूच्या टोकातून आत शिरून तंतूच्या आतील वाहतुकीच्या आधाराने मेरुरज्जू व मेंदूकडे सरकतो. रक्तातून तो पसरत नाही. म्हणून शरीराला त्याचा सुगावा लागत नाही, ज्वर येत नाही, रक्ततपासणीत काही दिसत नाही. अधिशयन काळ बहुधा एक ते तीन महिन्यांचा, क्वचित आठवड्याहून कमी, क्वचित वर्षाहून अधिक असतो. मस्तक, मुख, मान व हाताची बोटे येथील दंश अधिक घातक, कारण मेंदूचे अंतर कमी किंवा मज्जातंतूंची दाटी अधिक. लहान मुलांना दंश चेहऱ्यावर होण्याचा संभव मोठा, कारण कुत्र्याचे तोंड आणि त्यांचे तोंड एकाच उंचीवर असते.

मेंदूत पोहोचल्यावर विषाणू उलट दिशेने लालाग्रंथीत उतरतो. कुत्र्याच्या लाळेत तो लक्षणांच्या काही दिवस आधीपासून येतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर कुत्रे साधारण आठवडाभरात मरते. चावलेल्या कुत्र्यावर वा मांजरावर दहा दिवस नजर ठेवण्याच्या नियमाचा आधार हाच आहे. दहाव्या दिवशी ते जनावर धडधाकट असेल तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. हा नियम कुत्रा व मांजर यांच्यापुरताच आहे. माकड, मुंगूस, कोल्हा यांना तो लागू करू नये. तसेच, दहा दिवस वाट पाहून मग लस, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. लस त्याच दिवशी सुरू करावयाची असते. कुत्रे जगले तर पुढील मात्रांचा विचार रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी करतील.

सर्वच रुग्ण जलत्रासाने जात नाहीत, हेही ध्यानात असावे. सुमारे पाचव्या हिश्श्यात रोग पक्षाघातासारखा येतो. पाय लुळे पडतात, ते वर चढत जाते, पाण्याचे भय फारसे दिसत नाही.

पहिली पंधरा मिनिटे

रुग्ण दारात आला की त्याचे नाव लिहिण्यापूर्वी त्याला नळाखाली उभे करावे. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. अंदाजाने धुतले तर दोन मिनिटांतच हात थांबतो असा अनुभव आहे. विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते आणि साबण ते विरघळवतो, म्हणून कपडे धुण्याची वडीही चालते. नळ नसल्यास बादली व तांब्या घेऊन धार धरावी. दात खोल गेले असतील तर धार आतपर्यंत पोहोचली पाहिजे. जखम चोळून फाडू नये, पिळू नये. घरी धुऊन आलो असे रुग्ण म्हणाला तरी पुन्हा धुवावे. दंशानंतर काही तास, अगदी दुसरा दिवस गेला असला तरीही धुवावे.

त्यानंतर पोव्हिडोन आयोडिन लावावे आणि थांबावे. हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू, रुईचा चीक, शेण, कॉफी, यांपैकी घरून काही लावून आणले असेल तर ते आधी पूर्ण धुऊन काढावे. आपल्याकडील लेप, तेल, मलहर यांपैकीही त्या दिवशी काही नको. जखम बांधू नये. टाके घालू नयेत. रक्तस्राव वा विद्रूपता यांमुळे ते अपरिहार्यच असतील तर जखमेत प्रतिपिंडाचे इंजेक्शन दिल्यानंतर, सैल, आणि तेही रुग्णालयात. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

हे सर्व करताना अग्निकर्म वा रक्तमोक्षण न केल्याने आपण शास्त्र सोडले, असे एखाद्या वैद्यमित्रास वाटण्याचा संभव आहे. मला तसे वाटत नाही. ज्या ग्रंथाने संधीचा काळ अचूक सांगितला, त्याच्याशी निष्ठा त्या काळात सर्वोत्तम उपलब्ध उपाय करण्यातच आहे.

रुग्णाबरोबर द्यावयाची चिठ्ठी

“सरकारी दवाखान्यात जा” एवढे तोंडी सांगून रुग्ण जातोच असे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये पंधरा राज्यांत केलेल्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणिदंश होतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसे मरतात. कुत्रा चावलेल्यांपैकी साधारण पाचांतील एकाने लस घेतलीच नव्हती, आणि ज्यांनी सुरू केली त्यांतील अनेकांनी ती पुरी केली नाही. विसेक वर्षांपूर्वीच्या अंदाजात मृत्यूंची संख्या वीस हजारांच्या घरात होती. म्हणजे सुधारणा मोठी आहे, पण उरलेला प्रत्येक मृत्यू टळण्याजोगाच आहे. आपली चिठ्ठी या गळतीच्या जागी उपयोगी पडते.

चिठ्ठीत दंशाचा दिवस व वेळ, प्राणी कोणता, पाळीव की भटका, आता कोठे आहे, जखम शरीरावर कोठे, किती वेळ धुतली, आणि जखमेचा वर्ग, एवढे लिहावे. वर्ग तीन आहेत. प्राण्यास केवळ स्पर्श झाला किंवा अखंड त्वचा चाटली गेली, तर पहिला. त्यास लसीची गरज नाही. रक्त न येता ओरखडा उठला किंवा उघड्या त्वचेला दात लागला, तर दुसरा, लस हवी. रक्त आले, फुटलेल्या त्वचेवर वा डोळे, ओठ, तोंड यांच्या आतील पातळ त्वचेवर लाळ लागली, किंवा वन्य प्राणी चावला, तर तिसरा. लस हवीच, शिवाय जखमेत प्रतिपिंड हवे. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील भेद करताना शंका आली तर वरचा वर्ग लिहावा.

प्रतिपिंड म्हणजे काय हे रुग्णाला आपणच समजावून सांगितले तर बरे, कारण जखमेतच सुई टोचणार म्हटल्यावर माणसे पळतात. लसीमुळे शरीरात संरक्षण तयार व्हावयास एक-दोन आठवडे लागतात. तोपर्यंत जखमेतील विषाणूला जागीच अडविण्यासाठी तयार प्रतिपिंड जखमेत व तिच्या भोवती भरतात. मानवी रक्तापासून केलेले असल्यास मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोस २० एकके, घोड्याच्या रक्तापासून केलेले असल्यास ४०. आता एकविध प्रतिपिंडेही मिळतात. पहिल्या दिवशी ते न मिळाल्यास लसीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांपर्यंत देता येते, त्यानंतर नाही. चिठ्ठीवर हे ठळक लिहावे, कारण लहान केंद्रात लस असते आणि प्रतिपिंड नसते, असे पुष्कळदा होते. रुग्ण लस घेऊन समाधानाने घरी जातो.

लस स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी पाच वेळा. त्वचेच्या थरात दिल्यास ०, ३, ७ व २८ या दिवशी, प्रत्येक वेळी दोन ठिकाणी. गर्भिणी, स्तनदा माता, अर्भक, वृद्ध, कोणासही ती वर्ज्य नाही. पूर्वी पूर्ण लस घेतलेल्यास पुन्हा दंश झाला तर केवळ दोन मात्रा, ० व ३ या दिवशी, आणि प्रतिपिंड नको. परंतु जखम मात्र तशीच धुवावी.

वयस्क मंडळींच्या मनात अद्याप बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने आहेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली सिद्ध केली होती आणि भारतात तिचे उत्पादन २००४ अखेर बंद झाले. आताची लस दंडात दिली जाते, हे एक वाक्य ऐकून रुग्णाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी अनेकदा पाहिला आहे. दुसरा हमखास प्रश्न पथ्याचा. या लसीला आहाराचे पथ्य नाही. हे उत्तर रुग्ण रुग्णालयात ऐकतो तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही. वैद्याने सांगितले की बसतो. आपल्या शब्दाला असलेले हे वजन अशा वेळी वापरावे.

औषध “लागू पडते” तेव्हा

अनेक गावांत कुत्र्याच्या चाव्यावर झाडपाल्याचे औषध देणारी घराणी आहेत. ती पैसे घेत नाहीत, त्यांची श्रद्धा प्रामाणिक असते, आणि “आमच्या हातून आजवर एकही दगावला नाही” असे ती सांगतात तेव्हा बहुधा खोटेही बोलत नसतात. याचा उलगडा अवघड नाही. चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या प्रत्येक दंशानेही रोग होतोच असे नाही. लाळेतील विषाणूचे प्रमाण, दंशाची खोली, मध्ये असलेले कापड, यांवर ते अवलंबून असते. तेव्हा शंभर दष्टांना साखर दिली तरी त्यांतील फार मोठी संख्या जिवंत राहील आणि साखरेला श्रेय मिळेल. जो मरतो तो दोन-तीन महिन्यांनी, दूरच्या रुग्णालयात मरतो. औषध देणाऱ्यास त्याची वार्ताही कळत नाही. अशा औषधाची परीक्षा अनुभवाने होऊच शकत नाही, हे या व्याधीचे वैशिष्ट्य आहे. अशा घराण्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एवढेच विनवावे की, तुमचे औषध द्या, पण साबणाने धुऊन, लसीची पहिली मात्रा घेऊन आलेल्यालाच द्या. माझ्या परिसरात एका वृद्ध गृहस्थांनी हे मान्य केले, आणि त्यानंतर त्यांच्या अंगणातून रुग्णालयाकडे जाणाऱ्यांची संख्या माझ्या दवाखान्यातून जाणाऱ्यांपेक्षा अधिक झाली.

मात्र त्या औषधात धोतरा असेल तर गप्प राहू नये. धत्तूराच्या विषबाधेत तोंड कोरडे पडते, गिळता येत नाही, बाहुल्या विस्फारतात, रुग्ण बडबडतो, झटापट करतो. कुत्रा चावल्याचा इतिहास आणि हे चित्र एकत्र आल्यास रुग्णालयातही जलसंत्रासाचा भास होऊ शकतो. उलट बाजूने, खऱ्या रेबीजलाही धोतऱ्याचा परिणाम समजले जाईल.

औषधविक्रेत्यांसाठी

धत्तूर औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये आहे. ज्या कल्पात तो पोटात घेण्यासाठी आहे, तो वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावा अशी सूचना वेष्टनावर असावी लागते. श्वानदंशासाठी म्हणून कोणी धोतऱ्याचे बी किंवा मूळ मागितल्यास ते देऊ नये.

लस ठेवणाऱ्या दुकानदाराने शीतकपाटाचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान राहते का, याची दिवसातून दोनदा नोंद करावी. लस गोठवू नये, दारातील कप्प्यात ठेवू नये. वीज वारंवार जाणाऱ्या गावी, पर्यायी व्यवस्था नसताना ही लस ठेवण्यापेक्षा ती जवळच्या कोणत्या केंद्रात निश्चित मिळते हे फळ्यावर लिहून ठेवणे अधिक उपकारक आहे. शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे का, प्रतिपिंड कोणत्या रुग्णालयात मिळते, पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी कोणता, ही माहिती दर महिन्यास ताजी करावी. रात्री नऊ वाजता मुलाला घेऊन आलेल्या बापाला पंधरा किलोमीटर जाऊन परत यावे लागू नये. पुनर्वसू आत्रेयांनी औषधी आधी काढून ठेवा म्हटले. आपल्या काळात त्या औषधीत ही माहितीही मोडते, असे मी समजतो. साबण, पोव्हिडोन आयोडिन, छापील चिठ्ठ्या व एक भिंतीवरचे घड्याळ, एवढी सामग्री कोणत्याही दुकानास जड नाही.

रोगाचे मूळ गावात

माणसांना लस देत राहिल्याने माणसे वाचतात, रोग संपत नाही. तो कुत्र्यांत फिरतो व तेथेच थांबवावा लागतो. एखाद्या क्षेत्रातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळत राहिली तर संक्रमणाची साखळी तुटते, हे अनेक देशांत दिसले आहे. आपल्या शेजारी गोव्याचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. तेथे २०१४ पासून राज्यशासन व मिशन रेबीज या संस्थेने मिळून वर्षाला सुमारे एक लाख कुत्र्यांपर्यंत लस नेली. कुत्री हाताने व जाळ्याने धरून, लस टोचून, रंगाची खूण करून सोडून दिली. कोणत्या वाडीत किती झाली याची नोंद भ्रमणध्वनीवर ठेवली. शाळाशाळांतून मुलांना दंश कसा टाळावा व जखम कशी धुवावी हे शिकविले. कुत्र्यांतील रेबीजचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, २०१८ ते २०२० या तीन वर्षांत माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. त्याच वर्षी, २८ सप्टेंबरला, २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने प्रसिद्ध केला.

कुत्री मारून हे साधत नाही. मोकळ्या झालेल्या जागी, उकिरड्यावरील अन्नाच्या आशेने, लस न मिळालेली नवी कुत्री येतात. याविषयी गावात मतभेद तीव्र असतात आणि वैद्याने त्यात पडावे का, हा प्रश्न आहे. मी पडतो, पण एका मर्यादेपर्यंत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लसीकरण शिबिराचा दिवस दवाखान्याच्या फलकावर लिहितो आणि पाळीव कुत्रा घेऊन येणाऱ्या माझ्या रुग्णास तेथे पाठवतो. गोठ्यात, कोंडवाड्यात, कुत्री पकडण्याच्या कामात असलेल्यांनी आगाऊ लस घ्यावी, हे सांगतो. पिसाळलेल्या गाईचे दूध प्यायल्याच्या भीतीने सारे गाव लसीसाठी धावते तेव्हा उकळलेल्या दुधाने हा रोग होत नाही हे सांगण्याचे कामही वैद्याकडे येते. त्या गाईच्या तोंडात हात घालून औषध पाजणाऱ्या माणसास मात्र लस हवी, आणि नेमका तोच त्या रांगेत नसतो.

प्राण्याचा प्रश्न

त्या शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर मी रुग्णपत्रिकेवर एक ओळ वाढविली: गेल्या काही महिन्यांत जनावराशी कोणता संबंध आला? हिचा उपयोग रेबीजपुरता राहिला नाही. पावसाळ्यात ज्वर, पोटऱ्यांत वेदना व डोळे लाल, अशा रुग्णाने साचलेल्या पाण्यातून किंवा भाताच्या खाचरातून चालल्याचे सांगितले की लेप्टोस्पायरोसिसची शंका त्याच क्षणी येते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हा रोग मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडताप आढळू लागला. तेथे ज्वरित रुग्णास काजूच्या बागेत वा रानात गोचीड चावली का, जवळपास माकडे मेलेली आढळली का, हे विचारणे आवश्यक झाले. दूध काढणाऱ्यास महिनोन् महिने येणारा विषमज्वर व सांधेदुखी असेल तर गाभडलेल्या गाईची चौकशी करावी लागते. हे विषय स्वतंत्र लेखांचे आहेत.

श्वानदंशासाठी मी एक वेगळी वही ठेवतो. रकाने साधे आहेत: दिनांक, नाव, गाव, प्राणी, वर्ग, धुतले किती वेळ, कोठे पाठविले, प्रतिपिंड मिळाले का, दहाव्या दिवशी प्राणी कसा आहे, आणि लसीचे दिवस. त्यांत बहुतेकदा रिकामा राहणारा रकाना अठ्ठाविसाव्या दिवसाचा असतो. जखम भरलेली असते, कुत्रे कोणाच्या स्मरणात नसते, शेतीची कामे निघालेली असतात. म्हणून दर सोमवारी सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी ती वही उघडतो आणि त्या आठवड्यात ज्यांचा अठ्ठाविसावा दिवस येतो त्यांना दूरध्वनी करतो.